दोन बोटं कमी

१ फेब्रुवारी

ताई,

आधीच सांगून ठेवते, पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. आपलं बोलणं बंद आहे आणि ते बंदच राहणार आहे. पण नुसता दोरा पाकिटात घालून पाठवला तर पोस्टातल्या माणसाला वाटेल बाईचं डोकं फिरलंय, म्हणून सोबत हा कागद.

तुझी चिठ्ठी मिळाली. दोन वर्षांनी लिहिलीस तीही चार ओळी, आणि त्यात 'कशी आहेस' एवढंही नाही. "डॉक्टर काय म्हणाले ते कळलं. दर पहिल्या तारखेला कमरेचा दोरा पाठव. तुझा आला की मी माझा पाठवीन. ऑपरेशनच्या दिवशी जिचा दोरा लांब, तिने आधी बोलायचं." वाचून मला हसू आलं आणि मग राग आला. मी भावजींना फोनवर सांगितलं ते तुला कळावं म्हणून नव्हतं. भावजींच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत नव्हतं, असंही नाही म्हणा.

तर ऐक, अर्धवट ऐकलं असशील. उजव्या खुब्याचा सांधा झिजून गेलाय, तो बदलायचा. पण या वजनावर डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. म्हणाले, "उतरवा आणि मग या. वर्षभरात नाही उतरलं, तर पुढे चाकाची खुर्ची धरून चाला." मी म्हटलं, "डॉक्टर, मी गणवेशाच्या कारखान्यात कापड कापते. टेबलाशी दिवसभर उभं राहावं लागतं. बसून थर कापता येत नाहीत." त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दोऱ्याचं मात्र बरं आठवलं तुला. बाबा जाड बायकांचं माप कधी टेपने घ्यायचे नाहीत. आकडा मोठ्याने बोललं की बाई पुन्हा दुकानात येत नाही, म्हणायचे. दोरा कमरेभोवती फिरवायचा, कापायचा, टोकाला गाठ मारायची आणि आतल्या खोलीत जाऊन मोजायचा. आपल्या दोघींना टेबलाच्या कडेला बसवून तेच करायचे. एक मोठं गाठोडं, एक धाकटं गाठोडं. तेव्हा त्या नावाचा राग यायचा नाही.

तुझ्या पुतण्याच्या लग्नात आला. फोटोवाला सगळ्यांना ओळीत लावत होता आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "गाठोडी मागे, नाहीतर बाकीचे दिसायचे नाहीत." सगळा मांडव हसला. मी जेवले नाही, तशीच निघून आले. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

दोरा सोबत आहे. तपकिरी. गाठ बाबांसारखी मारलीय, दुहेरी. हसायचं असेल तर एकटीने हस.

मी

२२ फेब्रुवारी

ताई,

तुझा दोरा आला. पांढरा. मी टेबलावर माझ्या मापाचा दुसरा दोरा काढून शेजारी ठेवला आणि बघतच राहिले. दोन बोटं कमी?

लहानपणापासून तू माझ्यापेक्षा जाड. तुझे फ्रॉक बाजूला आत घेऊन मला घालायचे, आई तेव्हा टाचण्या तोंडात धरून हसायची. लग्नात तू होतीस तशी होतीस, मी काही आंधळी नाही. दोन वर्षांत एवढी उतरलीस आणि कोणाला कळवलंही नाहीस. तू पहिल्यापासून अशीच. परीक्षेचा अभ्यास चोरून करायचीस आणि वर म्हणायचीस, 'मी कुठे काय वाचलंय.'

ठीक आहे. माझ्या नाकावर टिच्चून जिंकायचा विचार असेल तर विसर. उद्यापासून साखर बंद. आमच्या कारखान्यातली इस्त्रीवाली आहे ना, तीही माझ्याच घेराची. तिला म्हटलं, सुट्टी झाली की कालव्यापर्यंत चालत जायचं. ती म्हणाली, "आणि परत कोण आणणार?"

१ मे

ताई,

तीन महिने झाले. तुला वाटत असेल सगळं सुरळीत चाललंय. अजिबात नाही. उकडलेला कोबी बघितला की माझा जीव नकोसा होतो. दुपारी सगळ्याजणी डबे उघडतात, तेव्हा मी काकडीचे काप चघळत खिडकीबाहेर बघत बसते. मालकीणबाईंनी वाढदिवसाची बिस्किटं वाटली तर मी कात्रीला धार लावायच्या निमित्ताने उठून गेले. इस्त्रीवालीने माझा वाटा खाल्ला आणि म्हणाली, "हे मी तुझ्यासाठी करतेय."

चालताना खुबा असा काही ठणकतो की कालव्याच्या कठड्याला धरून उभी राहते. लोकांना वाटतं मी पाणी बघतेय. इस्त्रीवालीही पाणी बघत उभी राहते, बिचारी.

हा महिना वाईट गेला, ताई. शेजारच्या म्हातारबाई वारल्या आणि दोन दिवस मी घरी बसून नुसती खात सुटले. ब्रेड, जॅम, जे सापडेल ते. उभ्याने, ओट्याशी. ताट घेतलं नाही की खाल्लं असं वाटत नाही. आज सकाळी दोरा कमरेभोवती घेतला तर मागच्यापेक्षा लांब. खरं सांगते, मी कात्री थोडी आत सरकवली होती. तुला काय कळणार होतं? मग बाबा डोळ्यांपुढे आले, टेबलापलीकडे, चष्मा कपाळावर. कात्री मागे घेतली आणि दोरा जिथे कापायचा तिथेच कापला. तुला लांब दोरा पाठवते आहे. वाच आणि खूश हो.

२० मे

ताई,

तुझा दोरा आला. मी वाढले त्या महिन्यात तूही वाढलीस. पुन्हा दोन बोटंच कमी.

का कोण जाणे, पण फार बरं वाटलं. तुलाही कधीतरी ब्रेड-जॅम दिसतो तर. मी तो दोरा उशीखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीवालीच्या आधी कालव्यावर पोचले.

१ ऑगस्ट

ताई,

आज कपाटातून निळं जाकीट काढलं. बटण लागलं. मी आरशासमोर बराच वेळ बटण लावत आणि काढत उभी होते. दाखवायला कोणी नाही म्हणून तुला लिहितेय, दुसरं काही कारण नाही.

तुझा एक फोटो पाठव ना. बोलू नकोस, नुसता फोटो. गेल्या महिन्यातही मागितला होता, तू दोरा पाठवलास आणि फोटोचं काही नाही. रविवारी फोन केला होता. बोलणार नव्हते मी, तू 'हॅलो' म्हणालीस की ठेवणार होते. पण तू उचलतच नाहीस. भावजींना विचारलं तर 'बरी आहे, बरी आहे' एवढंच. त्यांनासुद्धा पढवून ठेवलंयस.

एवढा कसला राग, ताई? अपमान माझा झाला होता. रागवायचं मी.

दर महिन्याला वाटतं, या वेळी गाठलं हिला. आणि दर महिन्याला तू तेवढीच पुढे. दोन बोटं. ना कमी ना जास्त. चालताना पाय जड झाला की तुझी पाठ दिसते मला, कठड्याच्या पुढच्या वळणावर. बारीक झालेली, ताठ, एकदाही मागे न बघणारी. मग मी चालते. प्रेमाने चालत नाही, चरफडत चालते. पण चालते.

१ ऑक्टोबर

ताई,

डॉक्टर हो म्हणाले. वजनाच्या काट्यावरून खाली उतरायच्या आधीच म्हणाले, "झालं. तारीख घ्या." मी तिथेच उभी. नर्सने हात धरून उतरवलं. बाहेर बाकावर इस्त्रीवाली बसली होती, तिला सांगितलं आणि आम्ही दोघी मूर्खासारख्या रडलो.

या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ऑपरेशन आहे. तू येशील? बोलू नकोस हवं तर. बाकावर बस नुसती. नंतर चार दिवस माझ्याकडे राहा. आता म्हणू नकोस की तीन मजले आहेत. एवढी उतरलीयस, तुला जिने चढायला काय झालं?

आणि हो, ठरल्याप्रमाणे त्या दिवशी दोरे शेजारी ठेवू. तू जिंकणार हे दिसतंच आहे. मला चालेल. मी आधी बोलेन.

काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलंय.

१९ ऑक्टोबर

ताई,

दोरा आला, पण घाईत कापलायस. दोन बोटांपेक्षा जरा जास्तच फरक आहे आणि गाठ अगदी गचाळ. बाबांनी बघितली असती तर पुन्हा मारायला लावली असती. माझ्या 'येशील का'चं उत्तरही नाही. भावजींचा फोनही लागत नाही.

येणार असशील तर न सांगता ये. मी दार नुसतं लोटून ठेवीन.

१२ नोव्हेंबर

ताई,

ऑपरेशन झालं. पाय माझाच आहे की कोणाचा, अजून कळत नाही. पण उभी राहते.

मी हरले. सोमवारी आत नेण्याआधी नर्सकडून दोरा मागून घेतला, कमरेभोवती फिरवला आणि तुझ्या शेवटच्या दोऱ्याशी धरला. माझा लांब. शब्द म्हणजे शब्द. शुद्धीवर आल्यावर पहिला फोन तुला लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्या दिवशी लावला. इस्त्रीवाली म्हणाली, "आता ठेव तो फोन, बाकीच्या पेशंटना झोप लागत नाही."

मी आधी बोलायला तयार आहे, ताई. पण बोलायला समोर माणूस लागतं. जिंकल्यावर उचलायचासुद्धा नाही असं ठरलं नव्हतं. हे मात्र तुझं फार झालं. पहिल्या तारखेला दोरा पाठवला नाही, लक्षात आलं असेल. आता पाठवणारही नाही.

९ डिसेंबर

ताई,

हे पत्र तुझ्या घरून लिहितेय. तुझ्या शिवणयंत्रावर कागद ठेवून.

भावजी परवा माझ्याकडे आले. तीन मजले चढून दारात उभे राहिले आणि माझ्या पायांकडे बघायला लागले. म्हणाले, "आधी चालून दाखव." मी खोलीत खिडकीपर्यंत गेले आणि परत आले, काठी न घेता. मग ते स्टुलावर बसले आणि त्यांनी तोंड हातांत घेतलं.

"ती गेली," म्हणाले.

मी विचारलं, "कुठे?"

असं विचारलं मी. माझ्या डोक्यात तू बारीक होतीस ना, ताई. ताठ, पुढच्या वळणावर. तुला काही होईल असं माझ्या मनात यायला जागाच नव्हती. मला खरंच वाटलं, कुठेतरी गेलीस.

सप्टेंबरच्या शेवटी. सकाळी चहा गाळता गाळता. डॉक्टरांनी तुला माझ्याही आधी सांगितलं होतं, हृदयाला हे वजन झेपत नाही म्हणून. भावजी सांगत होते आणि मी ऐकत होते, पण मला ते दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत असं वाटत होतं. मी म्हटलं, "भावजी, काहीतरी चुकतंय. ती उतरली होती. माझ्यापेक्षा जास्त उतरली होती. माझ्याकडे दोरे आहेत."

ते म्हणाले, "तुझा दोरा आला की ती तो टेबलावर पसरायची. शेजारी पांढरा दोरा धरायची आणि दोन बोटं आत कापायची. दर महिन्याला. मी म्हणायचो, अगं तूही थोडं उतरव की. तर म्हणायची, माझ्याच्याने होत नाही, किती वेळा करून बघितलं. तिचं होईल. तिला फक्त पुढे कोणीतरी पळताना दिसलं पाहिजे."

"आणि फोन?" मी विचारलं.

"दोन वाक्यांत धाप लागायची तिला. म्हणायची, तिला माझा दम ऐकू येईल आणि सगळं फुकट जाईल. तू फोन करायचीस तेव्हा ती तिथेच बसलेली असायची. वाजायचा थांबेपर्यंत हात ठेवायची त्याच्यावर."

ऑक्टोबरचा दोरा त्यांनी कापला. तू त्यांना शपथ घालून ठेवली होतीस, 'ऑपरेशन होऊन ती चालायला लागेपर्यंत कळवायचं नाही, आणि मी नसले तर दोरा तुम्ही कापायचा, दोन बोटं कमी.' त्यांची बोटं जाड, ताई. म्हणून फरक जास्त पडला. आणि मी तुला गाठ गचाळ म्हणून लिहिलं. त्या माणसाने ते पत्र एकट्याने वाचलं असेल.

मी त्यांच्याबरोबर दुसऱ्या दिवशी बसने इथे आले. तुझे कपडे कोणाला तरी द्यायचे होते, त्यांना ते जमत नव्हतं. कपाट मी उघडलं. भावजींच्या शब्दावर विश्वास नव्हता असं नाही, पण मी कापड कापणारी बाई आहे, माझा विश्वास हाताला बसतो. तुझा करड्या रंगाचा झगा उलटा केला. बाजूची शिवण उसवून बाहेर काढलेली. आत ठेवलेलं जादा कापड संपेपर्यंत काढलेली. त्यानंतरच्या हिरव्या झग्याला दोन्ही कुशींत पट्ट्या जोडलेल्या, त्याच रंगाच्या, फार सफाईने. शेवटच्याला जुळतं कापड मिळालं नसावं. त्याला पडद्याचं कापड लावलंयस. स्वयंपाकघराच्या पडद्याचं. मी जाऊन बघितलं, पडदा खालून आखूड आहे.

तू पडदा कापलास, ताई. मापाचा नवा झगा शिवून घेतला नाहीस. दुकानात जाऊन कोणासमोर उभं राहणार होतीस? बाबा तर नव्हते.

दाराच्या मागे खिळ्याला माझे सगळे दोरे लटकताहेत, लांबापासून आखुडापर्यंत. भावजी म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचीस. 'माझी धाकटी बघा, कुठून कुठे आली.'

आणि शेजारी तो लग्नाचा फोटो लावलायस. मी निघून गेल्यावर काढलेला, मी कधी बघितलाच नव्हता. तू शेवटच्या ओळीत आहेस. एकटी. तुझ्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे आणि तू हात तिकडे थोडा पुढे केलेला आहेस, कोणीतरी येणार असल्यासारखा. मी तो फोटो खाली काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

माझ्यावर नजर ठेवायला तू होतीस. तुझ्यावर कोण होतं? मीच होते ना? दर महिन्याला तुझा दोरा माझ्या हातात यायचा आणि मी त्याच्याकडे बघून चरफडायचे. एकदाही म्हटलं नाही, हिला बस पकडून बघून यावं. खुबा दुखत होता, हे खरं. पण बस होती.

मला तुझा राग आलाय. हे काय वागणं झालं? दोघींनी मिळून उतरवायचं होतं. खरा दोरा पाठवला असतास तर मी तुझ्यापुढे चालले असते, मागे वळून वळून तुला शिव्या दिल्या असत्या, सकाळी फोन करून विचारलं असतं, काय खाल्लंस म्हणून. तुला ते झालं नसतं सहन. पण तू असतीस.

१ जानेवारी

ताई,

आज पहिली तारीख. दोरा कापला. सोबत आहे. पत्ता तुझाच घातलाय, भावजी खिळ्याला लावणार आहेत. थोडा लांब आहे, डिसेंबरात मी दिसेल ते खाल्लं. इस्त्रीवालीने काल दार वाजवून वाजवून उघडायला लावलं आणि म्हणाली, "चल, कालवा." मी म्हटलं, आता कोणासाठी? ती म्हणाली, "मला काय विचारतेस? मला नेऊन परत आण." तेव्हा गेले. पुढच्या वळणावर कोणी नव्हतं. तरी वळणापर्यंत गेले.

सोमवारपासून कामावर जाणार आहे. टेबलाशी उभी राहून कापड कापणार. उभं राहता येतंय, तुझ्यामुळे. हे रोज आठवणार, त्याला इलाज नाही.

तुझ्या घरून निघताना एक गोष्ट आणली, भावजींना सांगून. तो पडद्याच्या पट्टीचा झगा टेबलावर आडवा पसरला, कमरेभोवती पांढरा दोरा फिरवला आणि कापला. कात्री आत सरकवली नाही. गाठ बाबांची मारली, दुहेरी. तुझा एवढा एकच खरा दोरा माझ्याकडे आहे.

आत्ता तो माझ्या दोऱ्याशेजारी ठेवलाय. ठरलं होतं तसं, दोन्ही टोकं एका जागी धरून. माझा संपतो आणि तुझा पुढे जातच राहतो, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतो.

तुझा लांब निघाला, ताई. तू हरलीस. आता तू आधी बोलायचंस.

तुझं,
धाकटं गाठोडं